तळ्याच्या बांधावरचा कान

मी एक जुना रेकॉर्डर आहे, पण माझ्यातून आजवर एक सूरही वाजलेला नाही. मला तोंडच नाही. आहेत ते दोन कान, डावा आणि उजवा, आणि त्यांच्यावर काळ्या स्पंजाच्या टोप्या. बाकीचा देह म्हणजे हिरव्या रंगाची एक पेटी, दोन्ही तळहातांत मावेल एवढी. पोटात बॅटऱ्या, नखाएवढं कार्ड आणि एक घड्याळ. मित्रांनो, तुम्हाला कुणी सांगितलं की एका जागी टांगून घ्यायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त ऐकायचं, तर तुम्ही किती वेळ तग धराल? मी वर्षानुवर्षं तेवढंच केलं.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे उकाड्यातही पंखे लावत नसत, धूळ उडेल म्हणून. एका टेबलावर माझ्या तारा जोडल्या, दुसऱ्यावर पेटी बसवली, पाणी आत शिरू नये म्हणून कडेनं रबर लावलं. शेवटच्या टेबलावर एक मावशी होत्या. त्या प्रत्येक पेटीच्या डाव्या कानाशी किल्ल्यांचा जुडगा हलवत, मग उजव्या कानाशी, आणि समोरच्या काट्याकडे बघत. माझा काटा टुणकन उडाला.

"हा चांगला ऐकतो गं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यापेक्षा बरा!"

सगळं टेबल हसलं. माझ्या कानांवर पडलेलं ते पहिलं हसू. मला वाटलं, जग असंच असणार. माणसांनी भरलेलं, हसणारं. मग मला खोक्यात घालून वरून चिकटपट्टी मारली.

खोकं उघडलं ते एका कचेरीत. तिथली माणसं पक्षी आणि बेडूक मोजायची. मोजायची म्हणजे पाठीमागे धावून नव्हे. माणूस पाण्याजवळ गेला की पक्षी उडतात आणि बेडूक चिडीचूप होतात. शिवाय माणसाला भूक लागते, झोप येते, घरी कुणीतरी वाट बघत असतं. म्हणून ती माणसं आमच्यासारख्यांना झाडावर टांगून निघून जातात. आम्ही पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे पाखरं आणि बेडूक सगळ्यात जास्त बोलतात तेव्हा, ऐकलेलं कार्डावर उतरवतो. बाकीच्या वेळीही आम्हाला ऐकू येतंच. पण ते जपायची मुभा नसते. कान उघडे असावेत आणि हात बांधलेले, तसं.

खोकं उघडणारी होती ताई. कचेरीतल्या सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांनी तिला गमतीनं ताई म्हणायचं, असं तिथे चालत आलेलं. तिनं माझ्या पेटीवरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली आणि म्हणाली, "चल बाळा, तुला काम लागलं."

तिच्याबरोबर लंबू असायचा. उंचीमुळे त्याला हे नाव पडलं होतं आणि त्याचा तो उपयोगही मनापासून करायचा. शिडी न लावता त्यानं मला बांधावरच्या एका झाडाला पट्ट्यानं करकचून बांधलं. मग ताई माझ्या कानाजवळ आली आणि आजची तारीख, तळ्याचं नाव, हवा कशी आहे, हे स्पष्ट आवाजात बोलली. कामाची सुरुवात अशीच करायची पद्धत असते. शेवटी मात्र पद्धतीत नसलेलं एक वाक्य तिनं हळूच जोडलं.

"नीट ऐक हं. आणि घाबरू नकोस."

दोघं गेली. पावलं दूर गेली, स्कूटर सुरू झाली, तिचाही आवाज विरला. तेव्हा मला कळलं की मी एकटा आहे.

पण तळं कधीच गप्प नसायचं. पहाटे आधी एकच पाखरू अर्धवट झोपेत काहीतरी पुटपुटायचं, मग दुसरं त्याला दामटायचं आणि बघता बघता अख्ख्या झाडाला कंठ फुटायचा. पाण्यात काहीतरी डुबुक व्हायचं. बगळा आपल्या घोगऱ्या आवाजात कुणावर तरी खेकसायचा. आणि तिन्हीसांजेला, उजेड आणि अंधार यांच्या मधल्या थोड्या वेळात, काठच्या लव्हाळ्यातून तो बोलायचा. दोन गुळगुळीत खडे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज. टक्‌-टक्‌. थांबून पुन्हा टक्‌. दिवे लागले की गप्प.

तो एक लहानसा बेडूक होता. आसपासच्या सगळ्या पाणवठ्यांवरून त्याची जात केव्हाच नाहीशी झाली होती. या एका तळ्यात ती तग धरून आहे हे माझ्या कार्डावरून कळलं, तेव्हा ताई बांधावर अक्षरशः नाचली. तिनं त्याचं नाव ठेवलं खडखड्या. "खडखड्या, तू आहेस रे!" असं ती ओरडली, आणि अर्थातच तो लगेच गप्प झाला. लंबू हसून हसून खाली बसला.

त्या वर्षी माझं कौतुक झालं. कचेरीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी मला टेबलावर ठेवून पाहुण्यांना दाखवलं. खडखड्यामुळे तळ्याचं नाव राखून ठेवायच्या पाणवठ्यांमध्ये गेलं. त्या यादीत नावापुढे खडखड्याची खूण असेपर्यंत, तळं बुजवून गोदाम बांधू पाहणाऱ्यांना तिथे भराव घालता येणार नव्हता.

त्याच टेबलावर मला एक गोष्ट समजली आणि मी जरा खट्टू झालो. माझं कार्ड संगणकात घालतात, तेव्हा संगणक आवाजांची चित्रं काढतो. काळ्या पट्टीवर पिवळ्या रेघा आणि ठिपके. मग तोच ती चित्रं चाळतो आणि ओळखीची खूण दिसली की नाव लिहितो. माणसं ती नावं वाचतात, फार तर एखादं चित्र बघतात. त्यात चूक कुणाचीच नाही. माझ्यासारखे पुष्कळ जण पुष्कळ झाडांवर टांगलेले असतात, सगळ्यांचं सगळं ऐकायचं तर माणसाचा जन्म पुरणार नाही. पण मित्रांनो, मनात येतंच. मी जिवाचा कान करून ऐकावं आणि ते कुणी ऐकूच नये, नुसतं बघावं?

मला पुन्हा झाडावर बांधलं. तरी ताई यायची. कार्ड बदलायला, बॅटऱ्या बदलायला. टोप्यांमध्ये अडकलेले किडे ती चिमट्यानं काढायची, पट्टा झाडात रुतू नये म्हणून जरा सैल करायची. "काय म्हणतंय माझं बाळ?" असं विचारायची. तेवढ्यावर माझे पुढचे कितीतरी दिवस निघायचे.

एका वर्षी तिची पावलं बदलली. सावकाश, जपून पडू लागली. बांधाचा चढ चढताना तिला धाप लागायची. मग ती झाडाला पाठ टेकून बसायची आणि पाणी प्यायची. एकदा तिची पाठ माझ्या पट्ट्याला टेकली होती, तेव्हा मला आणखी एक आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. फार दूरचा, फार घाईचा, पाण्याखालून यावा तसा. मला नक्की सांगता येणार नाही. ते माझ्या कामाच्या वेळेतलं नव्हतं, म्हणून कार्डावर काही नाही.

त्यानंतर ती आली नाही.

पुढच्या खेपेला पहाटे पहाटे लंबू एकटा आला. त्याला त्या दिवशी आणखी बरीच झाडं फिरायची होती. बॅटऱ्या बदलायची एक रीत आहे. सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, निम्म्या काढून नव्या घालायच्या, मग उरलेल्या बदलायच्या. नाहीतर माझं घड्याळ बंद पडतं आणि पुन्हा चालू होताना शून्यापासून, म्हणजे मध्यरात्रीपासून, वेळ धरतं. लंबूला हे पाठ होतं. पण त्या वर्षी माझ्या पेटीमागे लाल मुंग्यांनी घर केलं होतं. त्यानं झाकण उघडलं आणि त्या बाहीत शिरल्या.

"आई गं! मेलो! अरे, अरे, अरे!"

सगळ्या बॅटऱ्या एका झटक्यात बाहेर, नव्या एका झटक्यात आत. एका पायावर नाचत, दंड चोळत त्यानं माझी तारीख तेवढी दुरुस्त केली. फायलींना तारखेनंच नाव मिळतं, म्हणून नजर तिथे गेली. वेळेकडे गेली नाही. झाकण लावून तो पळाला. बाहेर पहाटेची पाखरं गात होती आणि माझं घड्याळ म्हणत होतं, मध्यरात्र.

मित्रांनो, तिथून माझ्या आयुष्यातले सगळ्यात एकाकी दिवस सुरू झाले.

पहाट व्हायची, झाडाला कंठ फुटायचा, आणि माझे हात बांधलेले. मला सगळं ऐकू यायचं, ठेवता काहीच यायचं नाही. माझं घड्याळ पहाट म्हणायचं तेव्हा भर दुपार असायची. पाखरं सावलीला चोच मिटून बसलेली, पाण्यावर नुसता तापलेला शुकशुकाट. मी तो शुकशुकाट इमानानं कार्डावर उतरवायचो. आणि माझं घड्याळ तिन्हीसांज म्हणायचं तेव्हा खडखड्या केव्हाच बोलून झोपलेला असायचा.

रोज संध्याकाळी तो लव्हाळ्यातून बोलायचा. टक्‌-टक्‌. थांबून टक्‌. अगदी माझ्या खाली. मी मनात म्हणायचो, थांब रे, जरा थांब, अजून माझी वेळ झाली नाही. तो कशाला थांबतो?

दुपारी मात्र सोबत असायची. बांधापलीकडे सुतारांची शेड होती. करवतीचं यंत्र दुपारी बंद पडलं की तिथले सुतार माझ्या झाडाच्या सावलीला जेवायला बसत. त्यांनी मला चोंबड्या म्हणायला सुरुवात केली.

"चोंबड्या वर बसलाय रे, जपून बोल!"

"बसू दे. ए चोंबड्या, आमच्या मुकादमाला सांग, माणसाला चार घास नीट खाऊ दे म्हणावं."

"तो सांगतोय! त्याला तोंड कुठंय?"

"म्हणूनच तर सुखी आहे. माझ्या बायकोला सांगा हे कुणीतरी."

मला त्यांची फार गंमत वाटायची. पण तीही टिकायची नाही. कचेरीचा एक नियम आहे. ज्या तुकड्यात माणसाचं बोलणं सापडेल तो तुकडा संगणक पुसून टाकतो, कुणाचं खासगी बोलणं उगाच साठून राहू नये म्हणून. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे माझ्या कार्डावर त्यांच्या बोलण्याआधीचा आणि नंतरचा शुकशुकाट तेवढा उरायचा.

पाण्याचे दिवस सरत आले तेव्हा लंबू कार्ड न्यायला आला. झाडाखाली उभा राहून तो फोनवर बोलत होता, आणि ते बोलणं ऐकून मी हबकलो.

"नाही बाई, खडखड्या नाही. आतापर्यंत नेलेली सगळी कार्डं बघितली, या वेळी एकदाही नाही... पाखरंसुद्धा नाहीत म्हणतो संगणक. तळं संपलं असंच दिसतंय... हो, माहितीये मला. नाव काढलं की गोदामवाले भराव घालायला तयारच आहेत. बैठक कधी आहे?... बरं. ताईला मी कळवतो. नको, तुम्ही नका सांगू, मी सांगतो."

त्यानं फोन ठेवला. मग त्यानं पाण्यात एक खडा टाकला आणि निघून गेला.

विचार करा, मित्रांनो. तळं जिवंत होतं. खडखड्या होता. मी त्याला काल ऐकलं होतं, परवा ऐकलं होतं. आणि तळं मेल्याची साक्ष माझ्याच कार्डानं दिली होती. आता तिथे माती पडणार, लव्हाळे दडपले जाणार, आणि अख्ख्या जगात हे ठाऊक असणारा एकटा मी, तोंड नसलेला.

मग एका सकाळी बांधावर ओळखीची पावलं वाजली. भराभर. मागून लंबूची लांब पावलं, आणि त्यांच्यामागे एक चप्पल घासत चालणारी चाल.

"अगं जरा हळू! ओली बाळंतीण तू, आणि धावतेस काय बेडकांसाठी!"

ती ताईची आई होती. तिच्या खांद्यावर काहीतरी हुंकारत होतं. ताईची मुलगी. आजी तिला पिटुकली म्हणत होती.

ताई माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता विचारेल, काय म्हणतंय माझं बाळ. पण ती मागे वळून म्हणाली, "आई, बाळाला सावलीत घे गं." तो शब्द आता दुसऱ्या कुणाचा झाला होता. ते बरोबरच होतं. तरी मला लागायचं ते लागलंच.

"लंबू," ताईनं विचारलं, "सुतार पहाटे डबा खातात का रे?"

"काय?"

"डबा. स्टीलचा. पहाटेच्या फायलीत झाकणं उघडल्याचे आवाज आहेत. एका दिवशी नाही, रोज. आणि पुढे कुणीतरी खळखळून चूळ भरतंय."

"तू फायली ऐकल्यास? अगं, चित्रं आहेत ना!"

"चित्रं कशी बघू? एक हात हिच्या डोक्याखाली, एक हिच्या पाठीवर, आणि डोळे मिटत असतात माझे. कान तेवढे मोकळे होते. म्हटलं, हिला पाजता पाजता तळं तरी ऐकू. तू संपलं म्हणालास ना, म्हणून शेवटचं ऐकू." ती बांधापलीकडच्या शेडकडे वळली. "तर तळ्यावर पहाटे लोक जेवतायत."

लंबूनं माझं झाकण उघडलं. पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"मी तारीख लावली होती," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"आणि वेळ?"

"मुंग्या होत्या गं... दंडापर्यंत चढल्या होत्या."

"मुंग्या!" ताईची आई म्हणाली. "पोरं नापास झाली की मास्तरांवर ढकलायची. तू बिचाऱ्या मुंग्यांवर ढकल."

ताई रागावली नाही. ती माझ्याजवळ वाकली आणि घड्याळ नीट लावू लागली. "बैठक तोंडावर आलीये," ती म्हणाली. "घड्याळ चुकलं एवढं सांगून भागणार नाही, खूण राखायला खडखड्याचा आवाज हवा. आणि हंगाम संपलाय. आता तो बोलेल कशाला?"

तिचं खरं होतं. पाणी ओसरलं की खडखड्या चिखलात शिरतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत मुका होतो. आता माझी वेळ बरोबर होती, आणि संध्याकाळमागून संध्याकाळ मी कान टवकारून बसलो. पहाटेची पाखरं कार्डावर आली, भरभरून आली. पण तळ्याच्या नावापुढची खूण पाखरांसाठी नव्हती. लव्हाळ्यातून काहीच येत नव्हतं. याआधी तो बोलायचा आणि मला ठेवता येत नव्हतं. आता ठेवता येत होतं आणि तो बोलत नव्हता.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिघं पुन्हा आली, कार्ड न्यायला. पिटुकली चौथी. माझी वेळ सुरू होती म्हणून कुणी बोललं नाही. ताई बांधावर पाण्याकडे तोंड करून बसली. अंधारत चाललं होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

आणि पिटुकलीला भूक लागली.

तिनं असा काही टाहो फोडला की बगळे उडाले. आजीनं खांद्यावर थोपटलं, ताई घाईनं उठली, लंबू ओठांवर बोट ठेवून उगाच हवेत हात हलवू लागला. पण पिटुकलीला कुणाचं काय? तिनं आणखी वरची पट्टी धरली. मी मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात, तिच्या दोन रडण्यांच्या मध्ये, लव्हाळ्यातून आलं. टक्‌-टक्‌.

तिघंही जागच्या जागी थिजली. पिटुकलीनं पुन्हा सूर लावला. आणि जणू कुणी आपल्या हद्दीत येऊन दमदाटी करतंय अशा रागानं चिखलातून उत्तर आलं. टक्‌. टक्‌-टक्‌. तिनं ओरडायचं, त्यानं उलट बोलायचं. मग ताईनं तिला पदराखाली घेतलं आणि तळं शांत झालं. ताई रडत होती. आवाज न करता रडत होती, पण मला कळतं.

माझी वेळ संपल्यावर लंबूनं कार्ड काढलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, पण माणसाचा आवाज आहे यात. नियमानं हा तुकडा पुसला जाणार. ठेवायचा तर ज्याचा आवाज त्याची परवानगी हवी."

"मग विचार की तिला," ताईची आई म्हणाली.

"ती काय सांगणार, काकू?"

"सांगितलं ना आत्ता! अख्ख्या तळ्यानं ऐकलं."

"मी तिची आई आहे," ताई म्हणाली. "परवानगी मी देते. हवं तर सही करून देते."

बैठकीत काय झालं ते ताईनं नंतर माझ्या बॅटऱ्या बदलताना लंबूला पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून मला ठाऊक. संगणकाला त्या चित्रात खडखड्या दिसेचना. पिटुकलीच्या रडण्याच्या जाडजूड पिवळ्या पट्ट्यांखाली त्याचे ठिपके झाकून गेले होते. बघून काहीच कळत नव्हतं. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "मग ऐकवा." खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं, गोदामवालेसुद्धा, मान खाली घालून ऐकू लागली. पहिल्यांदा बाळ तेवढं ऐकू आलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "परत." दुसऱ्यांदा कुणीतरी बोट वर केलं. तिसऱ्यांदा कुणाला सांगावं लागलं नाही.

"एका हाकेवर तळं वाचवा असं मी म्हणणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण हाक आली असताना ते संपलंय असंही मी लिहिणार नाही. अजून एक हंगाम ऐकू."

एक हंगाम. तेवढंच मिळालं. पण माती पडली नाही.

तो हंगाम आला तेव्हा मी थकलो होतो. उजव्या कानात ओल शिरली होती आणि बारीक शिट्टी घालणारी पाखरं मला ऐकू येईनाशी झाली होती. ताईनं माझ्याशेजारी एक नवा बांधला. मुठीएवढा, चकचकीत. तो ऐकलेलं सगळं हवेतूनच कचेरीला पाठवतो. त्याला कार्ड नाही. डोक्यावरच्या काचेच्या पट्टीला ऊन मिळालं की झालं, बॅटऱ्याही बदलायला नकोत. म्हणजे त्याच्याकडे कुणी यायचंही कारण नाही.

ताईनं माझं कार्ड काढून घेतलं. पट्टा सोडायला हात घातला आणि थांबली. "जाऊ या अंधार पडल्यावर," ती लंबूला म्हणाली. पिटुकली आता लुटुलुटू चालत होती. तिला मांडीवर घेऊन ताई माझ्या झाडाला पाठ टेकून बसली. कुणी कुणाशी बोललं नाही. पाखरं परतली, त्यातली निम्मी मला ऐकू आली. मग लव्हाळ्यातून खडखड्या बोलला. आणि पलीकडच्या काठावरून, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या खडखड्यानं त्याला उत्तर दिलं. ताईनं श्वास रोखला. मला तेव्हा ठेवायला काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्याशेजारी बसून कुणीतरी तेच ऐकत होतं.

अंधार पडल्यावर तिनं मला उतरवलं. आता मी कचेरीतल्या एका खणात आहे, माझ्यासारख्याच आणखी काही जणांबरोबर. खण बंद असतो. आत काही ऐकू येत नाही.

मित्रांनो, एखाद्या झाडावर अशी पेटी टांगलेली दिसली तर तिच्या कानावरच्या टोप्या ओढू नका, तिला दगड मारू नका. मुंग्या झाल्या असतील तर कुणा मोठ्या माणसाला सांगा. आणि यंत्र टांगलंय म्हणजे ऐकणं झालं, असं तेवढं समजू नका. तो नवा अजून त्या बांधावर एकटाच असेल. त्याच्याकडे आता कुणाला जावं लागत नाही. तरी तुम्ही जा. तिन्हीसांजेला जा, त्याच्या झाडाखाली बसा, आणि थोडा वेळ काही बोलू नका.